कमान कीं लोहचुंबक ?

मुलें ज्या दांडीनें पडद्यावरचें विमान उडवितात किंवा मोटार पळवितात, तिला 'जॉयस्टिक' म्हणतात हें आतां घरोघरच्या आजीबाईंसहि ठाऊक झालें आहे. दांडी पुढें ढकलली कीं विमानाचें नाक खालीं, मागें ओढली कीं वर, उजवीकडे कलविली कीं विमान उजवीकडे. आणि हात काढून घेतला कीं दांडी आपली आपण सरळ उभी! यांतील पहिल्या तीन गोष्टींचें कौतुक सर्वांस असतें, चवथीचें कोणासच नसतें. आम्हांसहि नव्हतें. गेल्या पावसाळ्यांत एका मुलाच्या अंगठ्यानें आम्हांस त्या चवथ्या गोष्टीचा विचार करावयास लाविलें, आणि त्या विचारांत आमचें जुनें तर्कशास्त्र व आमच्या पुतण्याचें नवें यंत्रशास्त्र अशीं दोन्ही कामीं आलीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा मुलगा आमच्या आळींतलाच. वय वर्षें सतरा. स्नायू हळूहळू क्षीण करणाऱ्या एका व्याधीनें त्याचे पाय अकराव्या वर्षींच थकले; आतां हातांची पाळी आली आहे. बुद्धि मात्र अशी तल्लख कीं, रघुवंशाचे दोन सर्ग त्यानें आमच्यापाशीं बसून एका सुटींत संपविले. संध्याकाळीं इतर मुलें मैदानावर जात तेव्हां हा आपल्या खुर्चींत बसून, कोणी नागपुरास तर कोणी बंगळुरास असलेल्या मित्रांबरोबर पडद्यावर विमानें उडवीत असे. तेंच त्याचें मैदान. जूनपासून तें बंद पडलें. त्याच्या मातोश्री आम्हांस म्हणाल्या, "गुरुजी, खेळत नाहीं, बोलतहि नाहीं. तुम्हीं तरी विचारून पाहा." आम्हीं विचारलें. त्यानें हंसून उत्तर दिलें, "गुरुजी, अंगठा नापास झालेला नाहीं, ती आंतली कमान पेपर फार कठीण काढते!"

आमचे धाकटे बंधु येथेंच राहतात. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहे. त्यास बोलाविलें, आणि त्यानें आमच्या देखत तें खेळणें उघडलें. दांडीच्या बुडाशीं एकांत एक बसविलेल्या दोन चौकटी. एक पुढेंमागें झुलते, दुसरी डावीउजवीकडे. त्यांच्या खालीं एक लहानशी तारेची कमान, घड्याळांतल्या कमानीची लांबची बहीण म्हणावी अशी. दांडी कोणीकडेहि कलली तरी ती कमान दाबली जाते, आणि दाबली गेल्यामुळेंच दांडीस परत मध्यावर लोटते.

आमच्या न्यायवैशेषिकांनीं 'संस्कार' या गुणाचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानिले आहेत. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनीं लहानपणीं घोकला असेल त्यांस तिसऱ्याची आठवण सहज होईल: वांकविलेली फांदी सोडतांच पूर्वस्थितीस जाते ती ज्यायोगें, तो स्थितिस्थापक. इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें सन १६७६ मध्यें कमानीचा नियम अक्षरांची उलटापालट करून कूटरूपानें छापला आणि दोन वर्षांनीं, १६७८ मध्यें, तें कूट स्वतःच सोडवून दाखविलें: जेवढा ताण तेवढें बल. त्याच्या त्या लॅटिन नांवाच्या ग्रंथांत 'पुनःस्थापन करणारी शक्ति' असेच शब्द आहेत. म्हणजे शब्दांत दोन्हीकडचे पंडित एकाच ठिकाणीं आले. मात्र बल मोजून दाखविण्याचें श्रेय हूकचें, हें मान्य केलें पाहिजे.

तर हूकच्या नियमानें दांडी जितकी दूर ढकलावी तितकी कमान अधिक झुंजते. निरोगी अंगठ्यास ही झुंज सुखावह वाटते, कारण डोळे पडद्यावर असतां आपण दांडी किती ढकलली हें बोटांस तिच्यावरूनच कळतें. पण ज्या अंगठ्यांत मध्यापासून कडेपर्यंत जाण्याचें बळच उरलें नाहीं त्यानें काय करावें ? आम्हांस वाटलें, सोपी गोष्ट आहे. कमान मऊ घालावी. पुतण्यानें तसें करूनहि दाखविलें, आणि आमचें अज्ञान लगेच उघडें पडलें. दांडी ज्या खिळ्यांवर झुलते तेथें घर्षण असतें. कमान मऊ केली म्हणून घर्षण मऊ होत नाहीं. मध्याच्या जवळ आल्यावर मऊ कमानीचें उरलेंसुरलें बल त्या घर्षणापुढें हात टेकतें व दांडी मध्याच्या अलीकडेच कोठें तरी थबकते. हात काढल्यावरहि विमान आपलें एका बाजूस कलत राहतें. मुलानें दोनदां समुद्रांत बुडविलें व तिसऱ्यांदां नाद सोडला.

येथें एका घोटाळ्याचा उलगडा करणें जरूर आहे. हल्लीं दुकानांतून 'चुंबकाची जॉयस्टिक' म्हणून जी विकतात तींत चुंबक असतो खरा, पण तो वेगळ्या कामासाठीं. दांडीकडे कामें दोन: कोठें आहोंत हें यंत्रास सांगणें, आणि सोडल्यावर मध्यावर येणें. पहिलें काम पुष्कळ वर्षें कोळशाच्या लेपाच्या पट्टीवर घासत जाणाऱ्या एका धातूच्या जिभेकडे होतें. घासून घासून लेप झिजतो आणि दांडी स्थिर असतांहि यंत्रास ती हलल्याचा भास होतो. निंटेंडो कंपनीच्या सन २०१७ मध्यें निघालेल्या 'स्विच' खेळाच्या दांड्यांविषयीं या वाहवत जाण्याच्या इतक्या तक्रारी झाल्या कीं, २०२० मध्यें तिच्या अध्यक्षांस भागधारकांच्या सभेंत दिलगिरी व्यक्त करावी लागली. यावर उपाय म्हणजे झिजणारी पट्टीच काढून टाकून, दांडीला एक लहान लोहचुंबक लावावयाचा व जवळच्या तुकड्यानें त्याचें क्षेत्र मोजावयाचें. हा तुकडा एडविन हॉल यानें सन १८७९ मध्यें अमेरिकेंत, बाल्टिमोर येथें विद्यार्थी असतांना सोन्याच्या वर्खावर केलेल्या शोधाच्या आधारानें चालतो. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यास त्या वेळीं अठरा वर्षें अवकाश होता ! सेगा कंपनीनें १९९८ च्या 'ड्रीमकास्ट' खेळांत असे हॉलचे तुकडे वापरले होते. पण एवढें करूनहि दांडीस मध्यावर आणणारी कमान जागच्या जागींच राहते. ती सैल झाली तर हॉलचा तुकडा बिचारा चुकीच्या मध्याचेंच अचूक वर्णन करीत बसणार. पुतण्याच्या डोक्यांत होतें तें दुसरेंच: त्यास कमानच हद्दपार करावयाची होती.

आतां लोहचुंबक. संस्कृतांत याला अयस्कान्त म्हणतात. कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गांत उमेच्या रूपानें शंकराचें मन ओढून घ्यावें असें ब्रह्मदेव देवांस सांगतात तेथें हाच दृष्टान्त आहे. कणादांनीं मात्र पांचव्या अध्यायांत, सुई चुंबकाकडे कां धांवते याचें कारण 'अदृष्ट' म्हणून सांगून पुढची वाट धरली. आम्ही विद्यार्थी असतांना हें वाचून थोडे हिरमुसलों होतों. पण सुईस ढकलणारें कांहींच दिसत नाहीं, तेव्हां दिसत नाहीं एवढें तरी प्रामाणिकपणें सांगावें, यांत वावगें कांहीं नव्हतें असें आज वाटतें.

पुतण्यानें दांडीच्या तळटोंकास नाण्याएवढा एक चुंबक बसविला आणि त्याच्या बरोबर खालीं, बैठकीवर, तसाच दुसरा. दोघांचे विजातीय ध्रुव समोरासमोर. मध्ये सहा मिलिमीटर अंतर. दांडी कलली कीं वरचा चुंबक बाजूस सरतो व खालचा त्यास परत ओढतो. आम्हीं दांडी हातांत घेऊन ढकलून पाहिली आणि दचकलोंच. मध्यावर ती खुंटीस बांधल्यासारखी घट्ट. किंचित् ढकलतांच जोर लागला. आणि मग, जणु उंबरठा ओलांडला, हात एकदम हलका! कमान असती तर पुढें पुढें अधिक झुंजली असती. हा तर पुढें पुढें अधिक नमतो.

पुतण्यानें आम्हांस गणित मांडून दाखविलें. मॅट्रिकच्या बेतानें आम्हांस समजलें तें असें: दोन लहान चुंबकांमधील आकर्षण अंतराच्या चतुर्थ घातानें घटतें, अंतर दुप्पट केलें तर ओढ सोळावा हिस्सा. त्यामुळें बाजूस सरकविलेल्या चुंबकावर मध्याकडे नेणारें बल प्रथम वाढतें, दोघांमधील उभ्या अंतराच्या सुमारें दोन पंचमांशाइतकें सरकल्यावर कळसास पोंचतें, आणि तेथून उतरूं लागतें. उभ्या अंतराच्या दुप्पट सरकविलें तर मध्याकडची ओढ पार नाहींशी होते, व त्याहिपुढें गेल्यास दांडी परत येण्याऐवजीं बाहेरच लोटली जाते. चुंबक पसरट असले तर आंकडे थोडे बदलतात, पण चाल हीच. म्हणून दांडी आठ मिलिमीटरांपलीकडे जाऊं नये असें एक कडें त्यानें भोंवतीं घातलें.

हा उंबरठा वैमानिकांस खपणार नाहीं. त्यांस मध्याजवळचीच अतिसूक्ष्म हालचाल हवी असते. इंधन भरून देणाऱ्या विमानाच्या मागें स्थिर राहावयाचें तर दांडी केसभर हलविली पाहिजे, आणि तेथेंच आधीं अडखळ व मग एकदम ढिलाई असेल तर विमान डचमळूं लागेल. यासाठीं घरीं दांड्या बनविणारे हौशी लोक सजातीय ध्रुवांचे चुंबक कडेनें मांडून पाहतात. मग मध्यावर दांडी मोकळी व कडेस प्रतिकार वाढता, म्हणजे कमानीच्याहि वरताण. या 'हातास काय कळावें' या प्रश्नाचें मोल विमानविद्येस फार मोठें द्यावें लागलें आहे. जुन्या विमानांत दांडीपासून पंखांपर्यंत तारा असत व वाऱ्याचा दाब थेट मुठींत येई. एअरबस ए-३२० हें विमान १९८७ सालीं प्रथम उडालें. त्यांतील बाजूची दांडी विजेनें संदेश धाडते, आणि मुठींत येतो तो फक्त कमानीचा दाब. अमेरिकेच्या एफ-१६ या लढाऊ विमानाची दांडी तर मुळांत हलतच नसे; नुसता दाब ओळखे. वैमानिकांच्या हातांस तें इतकें चमत्कारिक वाटलें कीं, पुढें तिला मुद्दाम थोडीशी हालचाल द्यावी लागली. सन २००९ च्या १ जून रोजीं एअर फ्रान्सचें ४४७ क्रमांकाचें एअरबस विमान २२८ जीवांसह अटलांटिकांत पडलें. त्या अपघाताचीं कारणें अनेक होतीं. पण दोन वैमानिकांच्या दांड्या एकमेकींस जोडलेल्या नव्हत्या, त्यामुळें एकानें दांडी मागें ओढून धरली आहे हें दुसऱ्याच्या हातास कळण्यास मार्ग नव्हता, ही गोष्ट चौकशीनंतर पुष्कळ चर्चिली गेली. २०१८ सालीं उड्डाणाची परवानगी मिळालेल्या गल्फस्ट्रीम जी-५०० विमानांत दोन्ही दांड्या विजेच्या यंत्रानें अशा बांधल्या आहेत कीं, एक हलली कीं दुसरीहि हलते. कमानीस हें साधणारें नव्हे.

पण आमच्या आळींतला मुलगा वैमानिक नव्हे. त्याची गरज नेमकी उलटी: मध्यावर दांडी निश्चयानें परत यावी, आणि कडेपर्यंत जातांना मात्र तिनें त्याच्या बोटांशीं भांडूं नये. वैमानिकाच्या दृष्टीनें जो दोष, तोच येथें गुण ! प्रश्न राहिला तो उंबरठ्याचा. तो इतका ठेंगणा हवा कीं त्या अंगठ्यास ओलांडतां यावा, आणि इतका उंच हवा कीं घर्षणास पुरून उरावा. खिळ्यांच्या जागीं लहान बेअरिंगें घालून पुतण्यानें घर्षण आधींच कमी केलें होतें. मग खालच्या चुंबकाची बैठक त्यानें एका मळसूत्री खिळ्यावर बसविली. खिळ्याचा एक फेरा फिरविला कीं बैठक एक मिलिमीटर वर किंवा खालीं. अंतर वाढवावें तसा उंबरठा भराभर खचतो. कमानीचा जोर बदलावयाचा तर कमानच बदलावी लागते. येथें एका फेऱ्यांत काम होतें.

आम्हीं मध्येंच एक शहाणपण सुचविलें होतें कीं, खिळे, चौकटी, बेअरिंगें हें सारेंच काढून दांडी नुसत्या चुंबकांवर अधांतरीं कां तोलूं नये ? घर्षणाचें नांवच नको. यावर पुतण्या म्हणाला, "काका, तें १८४२ सालींच निकालांत निघालें आहे." सॅम्युअल अर्नशॉ नांवाच्या इंग्रज गणितज्ञानें सिद्ध केलें आहे कीं, केवळ स्थिर चुंबकांच्या मांडणीनें कोणताहि चुंबक अधांतरीं स्थिर राहूं शकत नाहीं, एका दिशेनें सांवरला तर दुसऱ्या दिशेनें निसटतो. चौकटीचा आधार हवाच. आम्हीं मुकाट्यानें चष्मा पुसला.

आणखी दोन अडचणी निघाल्या. घर्षण कमी झाल्यामुळें सोडलेली दांडी मध्यावर येऊन थांबेना. घंटेच्या लोलकासारखी पांचसहा वेळां झुलून मग स्थिरावे. पडद्यावरचें विमानहि तसेंच मान हलवी. यावर उपाय तांब्याचा. तांब्यास चुंबक ओढीत नाहीं, पण तांब्याजवळून चुंबक सरकूं लागला कीं त्या धातूंत भोंवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात व ते त्या सरकण्यासच विरोध करतात. चुंबक थांबला कीं विरोधहि थांबला. म्हणून तांबें दांडीचा वेग मारतें, पण तिला मध्याच्या अलीकडे अडकवून ठेवीत नाहीं. पुतण्याची दृष्टि आमच्या देवघरांतील ताम्हणाकडे गेली होती, परंतु आमच्या कुटुंबानें तें वेळींच उचलून नेलें व त्याऐवजीं पाणी तापविण्याच्या जुन्या बंबाचें जाड झांकण काढून दिलें. त्यांतून कापलेली तीन मिलिमीटर जाडीची चकती दोन चुंबकांच्या मध्यें बसली आणि पांचसहा झोक्यांचे दोन झोके झाले. वाचकांस गंमत पाहावयाची असल्यास जाड तांब्याचा पत्रा तिरपा धरून त्यावरून असा चुंबक सोडून पाहावा. साध्या दगडाप्रमाणें तो घसरत नाहीं, जणु मधांतून उतरतो.

दुसरी अडचण हॉलच्या तुकड्यांची. त्यांस आपला लहान चुंबक कोणता आणि मध्यावर आणणारा मोठा चुंबक कोणता हें कसें कळावें ? दांडी सरळ उभी असतां तीं एका बाजूची कलती सांगूं लागलीं. हे तुकडे बुडापासून हलवून चौकटीच्या आंसांच्या टोंकांशीं, वरच्या बाजूस नेले. चुंबकाचें क्षेत्र अंतराच्या घनानें घटतें, तेव्हां दुप्पट दूर नेल्यास त्रास आठवा हिस्सा उरतो. उरला तो संगणकास वजा करावयास सांगितला.

ज्या घरांत लहान मुलें आहेत त्यांनीं मात्र पुढील चार ओळी वगळूं नयेत. हे चुंबक जुन्या नालाच्या आकाराच्या चुंबकासारखे निरुपद्रवी नव्हेत. निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचे हे चुंबक १९८० नंतरच्या दशकांत जपानांत व अमेरिकेंत स्वतंत्रपणें निर्माण झाले. आकारानें चिमुकले, जोरानें राक्षस. मुलानें असे दोन गिळले तर आंतड्याच्या दोन वेढ्यांतून ते एकमेकांस पकडतात व मधल्या भिंतीस भोंक पडून प्राणावर बेततें. अशा वेळीं शौचावाटे पडतील म्हणून वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. ज्यांच्या छातींत हृदयाचे ठोके सांभाळणारें यंत्र बसविलें आहे त्यांनीं हे दूर ठेवावेत. शिवाय हे ठिसूळ असतात, एकमेकांवर आपटून कपचे उडतात. आणि साध्या जातीचे चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर तापले तर त्यांचें बळ कायमचें उतरतें. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत खेळणें विसरणाऱ्यांनीं एवढें तरी लक्षांत ठेवावें.

आमच्या मनांत आलें होतें कीं, मुलाच्या विजेवर चालणाऱ्या खुर्चीलाहि अशीच दांडी कां लावूं नये. ती खुर्चीहि दांडीनेंच चालते. दुसऱ्या महायुद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांसाठीं कॅनडांत जॉर्ज क्लाइन यानें विजेची खुर्ची सिद्ध केली तेव्हांपासूनची ही परंपरा आहे. पण पुतण्यानें निक्षून नकार दिला. खेळांतलें विमान बुडालें तर पुनः उडवितां येतें. जिन्याच्या तोंडाशीं खुर्चीची दांडी चुकली तर पुनः कांहीं नाहीं. तें काम त्या विद्येंत मुरलेल्यांचें, असें म्हणून त्यानें हत्यारें पेटींत भरलीं. आम्हांस त्याचें म्हणणें पटलें; किंबहुना यंत्रापेक्षां या नकाराचेंच आम्हांस अधिक कौतुक वाटलें, हें त्याच्या वडिलांस आम्हीं अद्याप सांगितलेलें नाहीं.

गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळीं दांडी मुलाच्या पुढें ठेविली. पहिल्या प्रयत्नांत अंगठा उंबरठ्याशींच अडला. कोणी बोललें नाहीं. पुतण्यानें मळसूत्राचा एक फेरा मागें फिरविला. मग आणखी एक. तिसऱ्या फेऱ्यास दांडी कडेपर्यंत गेली, सोडली तेव्हां परत आली, आणि पडद्यावरचें विमान आडवें होऊन सरळ झालें. तो तासभर उडवीत होता. नागपूरच्या मित्रानें "इतके दिवस कोठें होतास ?" असें विचारलें तें आम्हीं बाहेरच्या ओटीवरून ऐकलें.

पुतण्यानें त्या खिळ्याच्या बाजूस पांढऱ्या रंगानें बारीक रेघा काढून ठेविल्या आहेत, म्हणजे किती फेरे झाले हें त्याच्या मातोश्रींस दिसावें व पाना लावून त्यांसच फिरवितां यावें. एकंदर नऊ रेघा आहेत. भाद्रपदांत दांडी तिसऱ्या रेघेवर होती. परवां आम्ही गेलों तेव्हां मुलानें खेळतां खेळतां आईस चवथीवर न्यावयास सांगितलें. त्यांनीं पाना लावला, एक फेरा फिरविला, पाना पुसून खणांत ठेविला, आणि आम्हांस चहा घेणार कां म्हणून विचारलें.